येलदरीचा ल

येलदरी हे नाव लिहायला सोपं. त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही, उकार नाही. तरी त्यातल्या एका अक्षरावर नजर अडते. ते अक्षर म्हणजे ल. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो. मधला देठ शिरोरेषेला टेकतो आणि पाकळ्या दोन्ही बाजूंना लोंबतात. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. जुन्या पेंटरने रंगवलेल्या पाटीवर पाकळ्यांचा ल दिसतो. फ्लेक्सवर कधी हा, कधी तो. दुकानदाराच्या हाताशी जो फॉण्ट असेल त्याचा. आणि फोनवरच्या एआय ॲपला गावाच्या नावासकट एखादा बॅनर करायला सांगितलं, तर बहुतेक वेळा दंडाचा ल उमटतो. तोही नीट उमटला तर.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कला या वादाची सुरुवात न्यूयॉर्कच्या लिलावापासून करण्याची पद्धत पडली आहे. तो लिलाव पुढे येईलच. पण हा वाद परभणी जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावापासून सुरू केला, तर त्यात नेमकं काय पणाला लागलं आहे ते लवकर दिसतं.

जिंतूरहून सेनगावच्या रस्त्याला लागलं की साधारण पंधरा किलोमीटरवर पूर्णा नदीवरचं येलदरी धरण येतं. काम 1958 मध्ये सुरू झालं, 1968 मध्ये पुरं झालं. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट. आज चित्रं, आवाज आणि मजकूर तयार करणाऱ्या यंत्रणा ज्या मोठ्या डेटा सेंटरांत चालतात, त्यांच्या एकेका संकुलाला याच्या कितीतरी पट वीज लागते. फोनच्या पडद्यावर फुकट उमटणाऱ्या चित्रामागे कुठल्या तरी नदीचं पाणी आणि कुठल्या तरी खाणीतला कोळसा असतो, हे धरणाकाठच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

धरण उभं राहत होतं त्या काळात या भागातली प्रत्येक पाटी हाताने रंगत होती. शाळेचं नाव, सोसायटीचं नाव, हॉटेलाची दरपाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं मुलांचं नाव, निवडणुकीतली भिंत. पेंटर आधी पत्र्याला अस्तर द्यायचा. ते वाळलं की सुताला खडू चोळायचा, दोन टोकांना ताणून मधून सोडायचा. सटकन रेघ उमटायची. वरची रेघ शिरोरेषेची, खालची पायाची. मग खडूनेच अक्षरांचा अंदाज. अंदाज चुकला तर ओल्या फडक्याने पुसायचं. रंगाचं काम सुरू झालं की उजव्या मनगटाखाली आडवी काठी यायची, म्हणजे हात ओल्या रंगाला लागत नाही. 'ल' ची पाकळी एका दमात काढावी लागते. मध्ये थांबलं की जाडी बदलते आणि ते थांबणं पाटी टिकेल तोवर दिसत राहतं. शेवटी उजव्या कोपऱ्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत, पेंटरचं नाव आणि गाव.

तो कोपरा महत्त्वाचा आहे. पंचक्रोशीत कोणाचं अक्षर कोणाचं, हे लोक तो कोपरा न वाचताही ओळखत. तरी नाव लिहिलं जाई. कामाची मजुरी मालक देई आणि कामाची ओळख तो कोपरा देई.

गेल्या वीसेक वर्षांत फ्लेक्स आला आणि हे काम बघता बघता आटलं. दर चौरस फुटावर आला. "मॅटर व्हॉट्सॲपला टाका, फोटो टाका, संध्याकाळी घेऊन जा," एवढ्यात व्यवहार संपू लागला. त्या दुकानांतल्या पोरांनीही पुष्कळ कौशल्य कमावलं. कोरल ड्रॉमध्ये रात्री दोनपर्यंत वाढदिवस आणि श्रद्धांजल्या जुळवणं सोपं काम नाही. पण कोपऱ्यात आता माणसाऐवजी दुकानाचं नाव आलं. आणि आज त्याच पोरांच्या हातातलं अर्धं काम एआयकडे चाललं आहे. महापुरुषाचं चित्र, मागचा किल्ला, आकाशातला उजेड, समोरची गर्दी, हे सगळं चार ओळींच्या वर्णनावर मिनिटभरात मिळतं. त्या चित्राच्या कोपऱ्यात कोणाचं नाव लिहायचं?

जगभरातल्या वादाचा गाभा याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये क्रिस्टीज या लिलावघराने न्यूयॉर्कमध्ये 'एडमंड द बेलामी' नावाचं एक धूसर व्यक्तिचित्र 4,32,500 डॉलरला विकलं. ते 'ऑब्व्हियस' या पॅरिसच्या गटाने संगणकाकडून करून घेतलं होतं. चित्रावर सहीच्या जागी एक गणिती सूत्र छापलं होतं. विक्रीच्या सुमारास उघड झालं, की या गटाने रॉबी बॅरट या एकोणीस वर्षांच्या मुलाने खुला करून ठेवलेला प्रोग्रॅम वापरला होता. पैसे गटाला मिळाले, सही सूत्राची झाली, आणि बॅरटचं नाव बातम्यांच्या तळाशी राहिलं. ज्या जुन्या चित्रकारांची हजारो व्यक्तिचित्रं त्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरली, त्यांची नावं तर कुठेच आली नाहीत. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांनी मिडजर्नी या एआय चित्रयंत्राच्या मदतीने केलेल्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं. 2023 मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतलं स्वतःचं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं, की ती प्रतिमा कॅमेऱ्याने टिपलेली नाही. स्पर्धा तयार आहेत का, ते पाहायचं होतं. प्रत्येक वेळी चित्र चांगलं की वाईट, यावर थोडं बोलणं झालं आणि ते कोणाचं, यावर फार.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही.

अजिंठा एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात होतं, परभणीही. 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. हिवाळ्यामागून हिवाळा ही मुलं लेण्यांच्या अंधारात, भिंतीवरची रेघ न् रेघ कॅनव्हासवर उतरवत होती. 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली आणि तिथे पाठवलेल्या बऱ्याच प्रतिकृती जळाल्या. 1896-97 मध्ये या कामाचे जे दोन मोठे खंड निघाले, त्यांवर नाव ग्रिफिथ्स यांचं. पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांतले काही विद्यार्थी पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले. बाकीच्यांची नावं अभ्यासकांनाच ठाऊक. मुळात ज्या हातांनी लेणी रंगवली, त्यांची नावं तर दीड हजार वर्षांपूर्वीच हरवलेली. एका निनावी हाताची नक्कल दुसरा जवळजवळ निनावी हात करतो आणि पुस्तकावर तिसऱ्याचं नाव येतं. तरीही त्या नकलेत आणि आजच्या यंत्राच्या नकलेत एक मोठा फरक आहे. नक्कल करताना ती मुलं शिकत होती. लेण्यातल्या पद्मपाणीच्या भुवईचा बाक जे. जे. च्या विद्यार्थ्याच्या मनगटात उतरत होता आणि तो पुढच्या चित्रांत त्याच्याबरोबर येणार होता.

1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन तंत्रज्ञ आले, दगडावर एकेक रंग वेगळा उतरवून छापण्याची विद्या आली, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. चित्र स्वस्त झालं म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण ज्या शेतकऱ्याच्या घरात आयुष्यात कधी तैलचित्र येणार नव्हतं, त्याच्या देव्हाऱ्यात रंगीत सरस्वती आली, ही गोष्ट लहान नाही. याच छापखान्यात काही काळ काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले. कोल्हापूरला नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबुराव मेस्त्रींनी स्वतःच्या हिकमतीने कॅमेरा जुळवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. लोक त्यांना बाबुराव पेंटर म्हणत. पाटी रंगवणाऱ्याला लावायचा शब्द त्यांच्या बाबतीत बहुमानाचा झाला. यंत्र आलं की कलावंत संपतो, असं सरसकट म्हणणाऱ्याला या दोन माणसांपुढे थांबावं लागतं.

मग या वेळचं यंत्र वेगळं कशात?

कॅमेरा समोर असलेली वस्तू टिपतो. छापखाना एका ठरावीक मूळ चित्राच्या प्रती काढतो, आणि ते मूळ कोणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. एआयचं चित्रयंत्र आधी कोट्यवधी चित्रं आणि त्यांखालच्या ओळी पाहतं. शिकवताना चित्रावर थोडी थोडी धूळ उधळत नेतात, सगळं चित्र धुळीत बुडेपर्यंत. आणि यंत्राला ती धूळ उलट्या क्रमाने झटकायला शिकवतात. पुढे कोणी शब्द टाकले की ते निव्वळ धुळीपासून सुरुवात करतं आणि त्या शब्दांना जुळेल असं चित्र तिच्यातून झटकून काढतं. ते कुठलंही एक चित्र उचलून देत नाही, हे यंत्राच्या बाजूचं म्हणणं खरं आहे. पण जी चित्रं पाहिली नसती तर ते काहीच काढू शकलं नसतं, हेही तितकंच खरं. 2022 मध्ये खुला झालेला लायन-5बी हा संच घ्या. त्यात 585 कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या होत्या, पैकी सुमारे 232 कोटी इंग्रजीतल्या. या चित्रांचे दुवे आंतरजालावरून गोळा केले होते. चित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी न्यायालय गाठलं, ते यामुळेच.

आणि या ढिगात मराठीचा वाटा किती, ते अक्षरांवरून कळतं. सुरुवातीच्या यंत्रांना देवनागरी म्हणजे एका आडव्या रेघेला टांगलेली नक्षी वाटे. आता सुधारणा पुष्कळ झाली आहे; मथळ्याचे दोन शब्द बरे येतात. पण येलदरीच्या नदीचंच नाव घ्या: पूर्णा. प खाली दीर्घ ऊकार, णा वर रफार. लांब मजकुरात हा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला दिसतो. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द तर कसोटीच. अर्ध्या र ची ती चंद्रकोरीसारखी खूण हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागते. ती गळते आणि 'शेतकर्यांच्या' उरतं. मराठी ल आणि श चं वळण महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. शाळेतलं पोर ते गिरवतं. ज्या यंत्राने मराठी पाट्या पुरेशा पाहिल्याच नाहीत, त्याला ते वळण कुठून येणार? बारीकसारीक वाटतं हे, पण 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द परभणी जिल्ह्यात रोज शेकडो फलकांवर लिहिला जात असेल.

म्हणजे मराठी कलेची अडचण दुहेरी आहे. जे घेतलं ते न विचारता घेतलं, आणि जे घ्यायला हवं होतं ते घेतलंच नाही.

वारली चित्रांत ही दुहेरी अडचण सगळ्यांत उघडी पडते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात सवासिणींचं काम. 1970 च्या दशकात जे. जे. मध्ये शिकलेले भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले आणि जिव्या सोमा मशे यांचं काम जगापुढे आलं. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आज कुठल्याही चित्रयंत्राला 'वारली' एवढा शब्द दिला की दोन त्रिकोणांची माणसं भराभर नाचू लागतात. पण तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळत जाते आणि तिचं टोक टोकाला मिळत नाही. यंत्राच्या चित्रांत पुष्कळदा नुसतं बंद वर्तुळ असतं. चौकातली पालघट देवी तर क्वचितच दिसते, कारण ती कशासाठी असते हे त्या चित्राखालच्या ओळीत कोणी लिहिलेलं नसतं. मानांकनाचा कायदा नावाचं रक्षण करतो. हॉटेलच्या भिंतीसाठी कोणी घरबसल्या 'वारली स्टाइल' काढून घेतली, तर पाड्यावरच्या चित्रकाराला ते कळणारही नाही.

मोठ्या नावांना कायद्याचा हात लवकर मिळतो. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही तसाच आदेश आला. आवाज हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे, तो परवानगीवाचून यंत्रात घालून विकता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. फार मोलाची गोष्ट झाली. पण हाच न्याय हाताच्या वळणाला कधी लागणार? कॉपीराइटचा कायदा कृतीचं रक्षण करतो, शैलीचं करत नाही. जिंतूरच्या पेंटरचं अक्षर कितीही ओळखीचं असो, ते घेऊन वकिलाकडे जाण्याची ऐपतही त्याच्याजवळ नसते आणि वाटही.

तरी कायदा कोरा नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने एक तरतूद आली, की संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. तीस वर्षांपूर्वीची ही ओळ आज सगळ्यांना आठवते आहे. घडवून आणणारा कोण? चार शब्द टाकणारा, यंत्र बनवणारी कंपनी, की ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकलं ते? 2020 मध्ये अंकित साहनी या वकिलांनी 'सूर्यास्त' नावाच्या चित्राची नोंदणी मिळवली, तीत 'राघव' हा एआय प्रोग्रॅम सहकर्ता म्हणून लागला होता. पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेने 2023 मध्ये तेच चित्र नोंदवायला नकार दिला. डिसेंबर 2025 मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने एक कार्यपत्र काढलं: कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळालेली कोणतीही कृती शिकवणीसाठी वापरता यावी, पण व्यवसायातून पैसा येऊ लागला की त्यांनी कर्त्यांना मोबदला द्यावा. कर्त्याला नकार देण्याचा हक्क मात्र त्यात नाही. दाम मिळेल, पण परवानगी कोणी मागणार नाही. आणि दाम तरी कोणाला? ज्याची कृती कुठे नोंदलेली आहे त्याला. भिंतीवर रंगवलेल्या अक्षराची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न त्या कागदाला विचारायलाच हवा.

या यंत्राशी झुंजत स्वतःचं काम करणारेही आहेत, आणि त्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. हर्षित अग्रवाल यांच्यासारखे भारतीय कलावंत 2018 पासून एआयने केलेली कामं गॅलऱ्यांत मांडत आहेत. यंत्राला काय दाखवायचं आणि काय नाही, हीच त्यांची निवड असते. तालुक्याच्या नाट्यमंडळाला कधी चित्रकार परवडला नव्हता, त्याला आज स्वतःचं पोस्टर मिळतं. खेड्यातल्या मुलीच्या डोक्यात चित्र असतं आणि हाताला वळण नसतं; तिला ते डोळ्यांपुढे पाहता येतं. हे दार बंद करा असं कोणी म्हणू नये. पण काम कोणाचं गेलं, तेही त्याच वेळी पाहावं. चित्रकार दीनानाथ दलालांची सही पाहून दिवाळी अंक उचलणारा वाचक मराठीत होता. त्या अंकांच्या आतल्या पानांवर, कथेच्या मथळ्याशेजारच्या बोटभर रेखाटनांवर, कितीतरी नवखे चित्रकार हात बसवत. पहिली गदा त्या छोट्या कामांवर येते आहे. मोठा चित्रकार टिकेल. तो मोठा होण्याची पायरीच निखळते आहे.

पुढचं लेखन या वादाच्या निरनिराळ्या बाजू उलगडणार आहे: कायद्याची, बाजाराची, शिक्षणाची, हाताने आणि यंत्राने काम करणाऱ्यांची. वाचकाने ते वाचताना तो बोटभर कोपरा नजरेसमोर ठेवावा, एवढीच या प्रस्तावनेची विनंती.

बॅनरच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते. पडद्यावर एआयने दिलेलं चित्र उघडं आहे; मागे धरणाची भिंत, सांडव्यातून कोसळणारं पाणी, वर ढग. त्यावर यंत्राने स्वतःच लिहिलेली एक ओळ आहे आणि ती वाचता येत नाही. डिझायनर ती खोडतो, मागचं आकाश ओढून जागा भरतो आणि गिऱ्हाइकाने पाठवलेलं मॅटर स्वतः टाइप करतो. 'येलदरी' मध्ये दंडाचा ल आला आहे. तो फॉण्टची यादी खाली सरकवत जातो, एक निवडतो, नाही म्हणतो, दुसरा निवडतो. चौथ्या फॉण्टला पाकळ्या येतात. मग सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर.